अर्ध्या ग्रॅमची बांधणी

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ उकरताना जमिनीतून चार ओतीव शिल्पे मिळाली. एक होता दोन बैलांचा रथ, ४५ सेंटीमीटर लांब, त्यात उभा सारथी. दुसरा रेडा, ३१ सेंटीमीटर उंच. तिसरा हत्ती, चौथा गेंडा. चारही भरीव. चारही मिळून वजन ६० किलोच्या वर. त्यांचा काळ कोणता यावर अभ्यासकांचे एकमत नाही. बरेच जण ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची मानतात.

पुरातत्त्वाचा हा वाद बाजूला ठेवू आणि या ठेव्याकडे धातू म्हणून पाहू. हिशेबाला सोपे जावे म्हणून ६० किलो निव्वळ तांबे धरू. हे ६० किलो एकत्र धरून ठेवणारी वस्तू किती वजनाची आहे? अर्धा ग्रॅम. नेमके सांगायचे तर ०.५२ ग्रॅम. बाकीचे ५९ किलो ९९९ ग्रॅम आणि काही मिलिग्रॅम त्या अर्ध्या ग्रॅमच्या जोरावर एका जागी आहेत.

हा अर्धा ग्रॅम म्हणजे कोणत्याही एका अणूचे न राहिलेले इलेक्ट्रॉन. रसायनशास्त्रात त्यांना विस्थानित इलेक्ट्रॉन म्हणतात, पदार्थविज्ञानात मुक्त इलेक्ट्रॉन. त्यांची मोजदाद करायला बसले की आकडे भराभर हाताबाहेर जातात.

मोजायला किती वेळ लागेल?

६३.५ ग्रॅम तांब्यात ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू असतात. ६० किलोत ते ५.७ गुणिले १० चा २६ वा घात इतके भरतात. ५७ लिहून पुढे २५ शून्ये द्या. प्रत्येक अणू साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, म्हणून मुक्त इलेक्ट्रॉनही तितकेच.

लाख, कोटी, अब्ज ही आपली रोजची मापे इथे अपुरी पडतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त संख्यास्थानांची जी यादी आहे तिचे शेवटचे टोक परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्ये. त्या टोकाशी उभे राहूनही दायमाबादचे इलेक्ट्रॉन ५७० कोटी परार्ध होतात.

सेकंदाला एक या गतीने एकट्याने मोजायला घेतले तर १८० परार्ध वर्षे लागतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे. एकट्याचे हे काम नव्हे हे उघड आहे, तेव्हा सगळा जिल्हा कामाला लावू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सर्वांनी रात्रंदिवस, न झोपता, सेकंदाला एक असा इलेक्ट्रॉन मोजला तरी विश्वाचे आजवरचे वय सुमारे २९० वेळा उलटून जाईल.

एकोणतिसावा कोणाचा?

तांब्याच्या अणूत २९ इलेक्ट्रॉन असतात. त्यांतले २८ आपापल्या केंद्रकाच्या ताब्यात राहतात. प्रश्न आहे एकोणतिसाव्याचा.

शाळेत बंधाचा हिशेब सरळ असतो. दोन अणू, मध्ये इलेक्ट्रॉनांची एक जोडी, झाला एक बंध. हायड्रोजनचा रेणू याच हिशेबाने बनतो. तांब्याला हा हिशेब लावून पाहा. घन तांब्यात प्रत्येक अणूला अगदी लगतचे १२ शेजारी असतात. प्रत्येक बंध दोघांत वाटला जातो, म्हणून अणुमागे सहा बंध. त्या सहांसाठी खर्चायला इलेक्ट्रॉन फक्त एक. बंधामागे वाट्याला आला इलेक्ट्रॉनाचा सहावा हिस्सा. लागतात दोन आणि आहे एक षष्ठांश, म्हणजे गरजेच्या फक्त बाराव्या हिश्शाइतका पुरवठा.

जोड्या लावत बसले तर तांबे तयारच होणार नाही. ते तयार होते, कारण इलेक्ट्रॉन हा एका जागी बसणारा मणी नाही. तो तरंगासारखा पसरतो. जितकी मोकळी जागा मिळेल तितका पसरतो, आणि पसरला की त्याची ऊर्जा कमी होते. निसर्गात कमी ऊर्जेची मांडणी टिकते. म्हणून एकोणतिसावा इलेक्ट्रॉन शेजाऱ्याशी करार करत नाही. तो त्या अख्ख्या तुकड्यातल्या सगळ्या अणूंमध्ये पसरतो. त्याच्या शेजारच्या अणूचा एकोणतिसावाही तसाच, आणि उरलेले ५७० कोटी परार्धही तसेच.

सहापासून परार्धापर्यंत

असे पसरणे फक्त धातूंतच होते असे नाही. त्याची सर्वांत प्रसिद्ध छोटी जागा म्हणजे बेंझीन. मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये ते वेगळे काढले आणि १८६५ मध्ये ऑगस्ट केकुले यांनी त्याची सहा कार्बनांची कडी मांडली. कागदावर त्या कडीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. एकेरी कार्बन-बंध १.५४ अँगस्ट्रॉम लांब असतो, दुहेरी १.३४. बेंझीनमधले सहाही बंध मोजले तर सारखेच भरतात, सुमारे १.४० अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. सहा इलेक्ट्रॉन सहा अणूंत समान पसरले आहेत याची ती खूण.

पुढची पायरी संगमनेरच्या टोमॅटोत आहे. टोमॅटोला लाल करणाऱ्या लायकोपीन या द्रव्याच्या रेणूत ११ दुहेरी बंध ओळीने, एकाआड एक येतात. त्यांचे २२ इलेक्ट्रॉन त्या लांब साखळीभर पसरतात. जागा वाढली की एक चमत्कारिक गोष्ट घडते. इलेक्ट्रॉनाला चढायला जी पुढची ऊर्जापातळी असते ती जवळ येते. बेंझीनच्या अरुंद कडीत ती इतकी दूर असते की तिथे पोचायला अतिनील किरण लागतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश बेंझीनमधून अडथळ्याविना पार होतो आणि ते रंगहीन दिसते. लायकोपीनमध्ये हे अंतर घटते आणि निळा-हिरवा प्रकाशही ते कापायला पुरतो. तो प्रकाश शोषला जातो, उरतो तो लाल.

सहावरून बावीसवर आलो आणि अदृश्याचे लाल झाले. आता बावीसवरून थेट ५७० कोटी परार्धांवर उडी घ्या. तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या सुमारे ७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या पट्ट्यात बसवाव्या लागतात. वुल्फगांग पाउली यांच्या नियमाप्रमाणे एका पातळीत जास्तीत जास्त दोघांना जागा. ६० किलोचा एकच अखंड तुकडा धरला तर त्या पट्ट्यात सुमारे २८५ कोटी परार्ध पातळ्या कोंबाव्या लागतात. दोन पातळ्यांमधले सरासरी अंतर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये लिहायचे तर दशांश चिन्हानंतर २५ शून्ये मांडून मग पहिला अंक लिहावा लागतो. अंतर उरलेच नाही म्हणा ना! कोणत्याही रंगाचा प्रकाश येवो, वरच्या इलेक्ट्रॉनांना तो झेलता येतो आणि लगेच परत फेकता येतो. धातूची चकाकी ती हीच.

मग तांबे चांदीसारखे पांढरे का नाही? इथे ते जखडलेले २८ मध्ये येतात. त्यांच्यातले सर्वांत वरचे काही जण निळा-हिरवा प्रकाश शोषून मुक्तांच्या पट्ट्यात उडी घेतात, आणि परत येणारा प्रकाश तांबूस होतो. टोमॅटो आणि तांबे दोन्ही लाल, दोन्ही एकाच रंगाचा प्रकाश गिळून. फरक इतकाच की टोमॅटोत ते काम पसरलेले इलेक्ट्रॉन करतात आणि तांब्यात घरी राहिलेले.

थंड धातूतला वेग

एका पातळीत दोघेच, हा नियम पाळायचा तर बहुतेकांना वरच्या पातळ्यांवर जाणे भाग आहे. वरची पातळी म्हणजे जास्त वेग. तांब्यातले सर्वांत वरचे इलेक्ट्रॉन सेकंदाला १,५७० किलोमीटर वेगाने धावतात. या वेगाने पृथ्वीला एक फेरी मारायला साडेपंचवीस सेकंद पुरतील. हा वेग उष्णतेचा नाही. तांबे निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केले तरी तो तितकाच राहतो. उष्णतेने असा वेग आणायचा झाला तर सुमारे ८१,६०० केल्विन तापमान लागेल, सूर्याच्या पृष्ठभागाच्या चौदा पट.

या धावपळीचा दाबही आहे. हिशेब केला तर तो सुमारे पावणेचार लाख वातावरणांइतका भरतो. पॅसिफिक महासागराच्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जिथे समुद्र सर्वांत खोल आहे, पाण्याचा दाब ११०० वातावरणांच्या आसपास असतो. तांब्याचा तुकडा मुठीत दाबून दबत नाही, याचे मोठे कारण हा आतला दाब.

इथे एक जुने कोडे आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवून दिला आणि तीनच वर्षांत, १९०० मध्ये, जर्मनीच्या पॉल ड्रूड यांनी धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वायू असतो असे मांडले. वीज का वाहते ते त्यातून समजले. पण वायू म्हटला की तापवल्यावर त्याच्या प्रत्येक कणाने उष्णतेचा आपला वाटा घ्यायला हवा. मोजमापात धातूचे इलेक्ट्रॉन जवळजवळ काहीच घेताना दिसेनात. उत्तर अर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९२७-२८ मध्ये दिले. त्याच १९२८ साली ते भारतात आले आणि कलकत्त्यात रामन यांच्याकडे त्यांनी व्याख्यानेही दिली. उत्तर असे: उष्णतेचा छोटा धक्का घ्यायला इलेक्ट्रॉनाला लगतची रिकामी पातळी हवी. खालच्यांच्या आजूबाजूच्या सगळ्या पातळ्या भरलेल्या. फक्त अगदी वरच्यांना हलायला वाव. खोलीच्या तापमानाला साधारण २७० मुक्त इलेक्ट्रॉनांत एकालाच तो मिळतो. उरलेल्या २६९ जणांना वाव नसल्यामुळे त्यांना उष्णतेचा वाटा घेताच येत नाही.

विहिरीवरची मोटर

एवढ्या वेगाचे इलेक्ट्रॉन तारेत काय करतात ते पाहायला वस्तीवरच्या बोअरवेलकडे जाऊ. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर एका फेजला साधारण ७ अँपिअर घेते. ७ अँपिअर म्हणजे तारेच्या कोणत्याही एका जागेवरून सेकंदाला ४३७ परार्ध इलेक्ट्रॉन सरकणे. केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर इतक्या मोठ्या प्रवाहासाठी प्रत्येकाला सरकावे लागते सेकंदाला फक्त ०.२ मिलिमीटर. धावण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग यांत सुमारे ७८५ कोटी पटींचा फरक.

फरक इतका का? धावणे सर्व दिशांना सारखेच चालू असते आणि एकमेकांत फिटते. शिवाय वाटेत टकरी होतात, सेकंदाला सुमारे ४० लाख कोटी. मात्र दोन टकरींच्या मध्ये इलेक्ट्रॉन जवळपास १५० अणू ओलांडून जातो. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दाखवले की नेटक्या, न हलणाऱ्या अणुरचनेतून इलेक्ट्रॉनाचा तरंग अजिबात न अडखळता जातो. त्याला अडवतात ती अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथर आणि रचनेतली भेसळ.

एकाच दिशेचा प्रवाह असता तर शंभर मीटर खोल सोडलेल्या मोटरपर्यंत पोचायला वरच्या टोकाच्या इलेक्ट्रॉनाला साडेपाच दिवस लागले असते. स्टार्टर दाबताच मोटर फिरते, कारण तार आधीच भरलेली आहे. पाण्याने तुडुंब भरलेल्या पाइपलाइनचा कॉक उघडला की शेवटच्या वाफ्यात पाणी लगेच पडते, विहिरीतले पाणी तिथवर पोचायची वाट पाहावी लागत नाही, तसेच. धक्का तारेतून जातो तो प्रकाशाच्या वेगाशी तुलना करावी अशा वेगाने.

आपली वीज तर सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. त्यामुळे इलेक्ट्रॉनाची हालचाल एकूण २ मायक्रॉनच्या आसपास, माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. रात्रभर मोटर चालते, ऊस भिजतो, बिल येते. वीजकेंद्रातला एकही इलेक्ट्रॉन मोटरीपर्यंत आलेला नसतो. केबलच्या तांब्यातल्याच इलेक्ट्रॉनांनी जागच्या जागी डुलून केलेले ते काम असते.

अर्धा ग्रॅम बाजूला काढला तर

आता त्या अर्ध्या ग्रॅमचे बळ मोजू. एका इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान ग्रॅमच्या दशांश चिन्हानंतर २७ शून्ये आणि मग ९१ इतके. ५७० कोटी परार्धांनी गुणले की ०.५२ ग्रॅम. वजन क्षुल्लक, पण विद्युतभार नऊ कोटी कूलॉम.

समजा, कसेही करून हे सगळे मुक्त इलेक्ट्रॉन ६० किलो तांब्यातून उपसले. इलेक्ट्रॉन दायमाबादेत ठेवले आणि उरलेला धातू मुंबईत. सरळ रेषेत अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. एवढ्या अंतरावरून ते एकमेकांना किती जोराने ओढतील? हिशेब सांगतो, सुमारे १८ हजार कोटी टन वजनाइतक्या जोराने. प्रवरा ज्या धरणातून येते त्या भंडारदऱ्याची साठवण ११ टीएमसी, म्हणजे सुमारे ३१ कोटी टन पाणी. साडेपाचशेहून जास्त भंडारदरे काठोकाठ भरून टांगावीत, एवढी ती ओढ. आणि दोघांत एकच मीटर अंतर ठेवले तर ती ओढ सूर्य पृथ्वीला ज्या बळाने धरून आहे त्याच्या दोन हजार पटींच्या वर जाईल.

असे कधी घडत नाही, कारण इलेक्ट्रॉन आणि धन भाराचे अणू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की बाहेरून पाहणाऱ्याला सगळे शून्य दिसते. ओढ आतल्या आत खर्च होते. तिचाच उरलेला भाग म्हणजे धातूचा बंध.

८८ युनिट आणि ११ युनिट

तो बंध पूर्ण तोडायला, म्हणजे ६० किलो तांब्यातला अणू न् अणू सुटा करायला, किती ऊर्जा लागेल? सुमारे ८८ युनिट वीज. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांच्या टप्प्यात बसेल इतकी.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा आहे. तेच तांबे १,०८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पूर्ण वितळवायला सुमारे ११ युनिट पुरतात. भट्टीतून वाया जाणारी उष्णता यात धरलेली नाही. म्हणजे बंध तोडण्याच्या खर्चाच्या आठव्या हिश्शात तांबे पातळ होते. कारण वितळताना बंध तुटतच नाही. जोडी-जोडीने बांधलेल्या पदार्थात अणू सरकवायचा तर जोडी तोडावी लागते. तांब्यात इलेक्ट्रॉन कोणत्याच दोघांचे नसल्यामुळे अणूंनी जागा बदलल्या तरी त्यांना काही फरक पडत नाही. म्हणून तांबे साच्यात ओतता येते, थंड झाले की पुन्हा तसेच घट्ट होते, हातोड्याखाली फुटण्याऐवजी पसरते, तार काढली तर तार होते.

दायमाबादच्या ओताऱ्यांनी याच गुणावर काम केले. इलेक्ट्रॉनाची कल्पना नसताना त्यांनी ते ११ युनिट लाकूड-कोळशाच्या आचेतून मिळवले आणि भरीव रेडा ओतला. त्या शिल्पांच्या तपासणीत शेकडा एकाहून जास्त आर्सेनिक आढळले. शेकडा एक म्हणजे दर ११७ तांब्याच्या अणूंमागे एक परका अणू. आर्सेनिकमुळे तांबे कठीण होते, ओतायलाही बरे पडते. पण स्वच्छ तांब्यात १५० अणू सहज ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनाला आता कोणत्याही दिशेने गेले तरी थोड्याच अणूंनंतर परका भेटतो, आणि वीज वाहण्याची क्षमता निम्म्याहूनही बरीच खाली येते. मोटरीच्या वाइंडिंगला म्हणूनच ९९.९ टक्क्यांहून शुद्ध तांबे लागते.

वितळणे, ओतणे, ठोकणे, चमकवणे, मुक्त इलेक्ट्रॉनांचे एवढे गुण प्रवरेकाठी बहुधा चार हजार वर्षांपूर्वी वापरात होते. वाहण्याचा गुण वापरात यायला एकोणिसावे शतक उजाडले. त्यासाठी नवा धातू शोधावा लागला नाही. जुनाच अधिक स्वच्छ करावा लागला.